एकाच बाजूचा दिवा पुन्हा पुन्हा जातो तेव्हा: बल्ब घरी बदलावा की गाडी गॅरेजला द्यावी?

पावसाळा सरत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील गाडीमालकांची एक तक्रार हमखास कानावर येते. पुढच्या दोन दिव्यांपैकी एकाच बाजूचा दिवा सारखा जातो, नवा बल्ब बसवला की काही आठवडे चालतो आणि मग एखाद्या रात्री पुन्हा बंद पडतो. त्यावर ‘हल्ली बल्बच तकलादू येतात’ असे म्हणून पुढचा बल्ब विकत घेतला जातो आणि चर्चा एवढ्यावरच अडते की हे काम घरी करावे की गॅरेजवाल्याला पैसे द्यावेत. बल्ब बदलणे हे बहुतेक हॅलोजन दिव्यांच्या गाड्यांत घरी करण्यासारखेच काम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र एकाच जागचा बल्ब वर्षभरात दुसऱ्यांदा जात असेल, तर बिघाड बल्बात नसून त्याच्या होल्डरमध्ये, अर्थिंगमध्ये (म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत) किंवा बल्ब ज्यात बसतो त्या दिव्याच्या खोक्यात आहे असे धरून चालावे. तो शोधल्याशिवाय बल्ब घरी बदलला काय किंवा गॅरेजमध्ये बदलला काय, पैसे वायाच जातात.

सुरुवातीला आपल्या गाडीत कोणता दिवा आहे, ते पाहून घ्यावे. मारुतीची आल्टो, वॅगन आर अशा आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या अनेक गाड्यांत एच-४ प्रकारचा बल्ब असतो. त्यात एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, एक ६० वॅटचे अप्परसाठी (लांबवर पडणारा उजेड) आणि दुसरे ५५ वॅटचे डिपरसाठी (खाली, जवळ पडणारा उजेड), आणि मागे तीन पाती असतात. काही गाड्यांत अप्पर आणि डिपर यांचे बल्ब वेगळे असतात, तिथे एच-७ किंवा एच-११ असे प्रकार येतात. बल्बच्या बुडावर प्रकार, वॅट आणि व्होल्ट कोरलेले असतात, त्यामुळे अंदाज करण्याची गरज पडत नाही. गाडीचे पुढचे दिवे कारखान्यातूनच एलईडी असतील, तर बहुधा बदलण्यासारखा बल्ब त्यात नसतोच आणि पूर्ण दिवाच बदलावा लागतो. झेनॉन दिव्यांना पेटताना हजारो व्होल्टचा झटका लागतो, म्हणून तिथे घरी हात घालू नये. पुढे जे लिहिले आहे ते हॅलोजन आणि साध्या फिलामेंटच्या बल्बांपुरतेच आहे.

गेलेला बल्ब फेकण्याआधी नीट पाहा

जुना बल्ब काढला की तो लगेच कचऱ्यात जातो आणि त्याबरोबर बिघाडाचा पुरावाही जातो. बल्ब उजेडात धरून त्याची काच आणि आतली तार नीट पाहिली, तर निम्मे निदान तिथेच होते. काच स्वच्छ असून तार एका ठिकाणी तुटलेली असेल, तर बल्बाचे वय झाले असावे किंवा त्याला जोराचे हादरे बसले असावेत. बल्ब नवा असतानाही तार अशी तुटत असेल, तर हादऱ्याचाच संशय आधी घ्यावा. काच आतून दुधासारखी पांढरट किंवा पिवळसर झाली असेल, तर काचेला किंवा तिच्या जोडाला बारीक तडा जाऊन आत हवा शिरली, असा त्याचा अर्थ होतो. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा शिंतोडा उडाला तरी असे घडू शकते. काचेवर एखाद्या जागी फुगवटा आला असेल, तर बसवताना तिथे बोट लागले असावे. हॅलोजन बल्बाची काच क्वार्ट्झची असते आणि चालू असताना ती इतकी तापते की बोटाच्या तेलकटपणाचा डाग जिथे असतो तिथे उष्णता साचून काच मऊ पडते.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची एक शक्यता असते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. काढलेल्या बल्बातील दोन्ही तारा शाबूत दिसतात, काच निर्मळ असते, तरी दिवा लागत नव्हता. असा बल्ब दुसऱ्या बाजूच्या, चालू असलेल्या होल्डरमध्ये लावून पाहावा. तिथे तो पेटला, तर बल्ब गेलाच नव्हता. मग नवा बल्ब लावल्यावर दिवा लागला कसा? बल्ब बदलताना मागचा कपलर (पात्यांवर बसणारा वायरचा प्लॅस्टिकचा जोड, म्हणजेच होल्डर) ओढून काढावा लागतो आणि पुन्हा दाबून बसवावा लागतो. त्या घासण्यात पातीवरचा गंज थोडा खरवडला जातो आणि जोड तात्पुरता जुळतो. श्रेय बल्बाला मिळते, खरे काम त्या ओढाताणीने केलेले असते, आणि गंज पुन्हा चढला की दिवा पुन्हा जातो. वारंवार बल्ब जाण्याच्या तक्रारींत ही गोष्ट वाटते त्याहून फार जास्त वेळा निघते.

एक बाजू की दोन्ही बाजू

पुढची चौकशी कोणत्या दिशेने न्यायची, हे यावर ठरते. गाडीचे व्होल्टेज जास्त असेल तर ते दोन्ही दिव्यांना सारखेच मिळते, म्हणून केवळ एकाच बाजूचे बल्ब जात असतील तर अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, दोष देण्यात अर्थ नसतो. तिथे त्या बाजूचा होल्डर, त्या बाजूचे अर्थिंग, दिव्यात शिरणारे पाणी आणि हादरे एवढ्याच चार गोष्टी तपासायच्या असतात. दोन्ही बाजूंचे बल्ब थोड्या अंतराने जात असतील आणि तेही एकाच वेळी बसवलेले असतील, तर पहिल्यांदा काळजी करू नये, कारण जोडीने बसवलेले बल्ब पुष्कळदा जोडीनेच संपतात. नव्या जोडीचेही तसेच झाले, तर मात्र व्होल्टेज मोजावे. आणि दोन्ही डिपर एकाच क्षणी गेले, तर बल्बांना हात न लावता आधी फ्यूज, रिले (दिव्यांची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि स्टिअरिंगजवळचा स्विच पाहावा, कारण दोन बल्ब एकाच क्षणी सहसा जळत नाहीत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार अडकवून वेळ मारून नेण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. फ्यूजने जी वायर वाचवायची, तीच वायर त्यामुळे पेटू शकते, इतकेच त्याबद्दल सांगावेसे वाटते.

होल्डर: बहुतेकदा चोर इथेच सापडतो

एच-४ च्या मागचा तीन भोकांचा कपलर हातात घेऊन उन्हात पाहावा. चांगल्या स्थितीत त्याचे प्लॅस्टिक एकसारख्या रंगाचे असते आणि आतल्या पितळी पट्ट्या चकचकीत व ताठ असतात. बिघडलेल्या कपलरमध्ये तीनपैकी एका भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी पडून किंचित वितळलेले दिसते, नाकाजवळ नेल्यास जळका वास येतो आणि आतली पट्टी सैल, काळपट किंवा हिरवट पांढऱ्या गंजाने भरलेली असते. अशा कपलरमध्ये कितीही भारी बल्ब लावला तरी तो टिकणार नाही.

असे होण्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ६० वॅटच्या फिलामेंटमधून साधारण ५ अँपिअर प्रवाह वाहतो. जोड सैल होऊन तिथे केवळ ०.१ ओहमचा अडथळा निर्माण झाला, तरी त्या एका ठिकाणी अर्धा व्होल्ट खर्ची पडतो आणि अडीच वॅटची उष्णता त्या इवल्याशा पट्टीत साठते. उष्णतेने पट्टीचा ताठपणा जातो, ती आणखी सैल होते, अडथळा वाढतो आणि उष्णताही वाढते. जोड मध्येच तुटत आणि जुळत राहिला, तर बल्बही लुकलुकतो. गार फिलामेंटचा अडथळा फार कमी असल्यामुळे प्रत्येक वेळी पेटताना त्यातून नेहमीच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर जातो आणि असे झटके खाऊन तार लवकर तुटते.

गंज हलका असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून पाती घासावी, काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारावा, सैल पट्टी बारीक पकडीने किंचित दाबून ताठ करावी. हे सारे चावी काढून, दिवे बंद ठेवून करावे. प्लॅस्टिक वितळले असेल तर घासण्यात वेळ घालवू नये. एच-४ साठी सिरॅमिकचे होल्डर वायरच्या तुकड्यांसह मिळतात आणि ते स्वस्तही असतात. मात्र ते जोडताना वायर नुसत्या पिळून वर टेप गुंडाळू नये. सोल्डर करावे किंवा वायरच्या टोकाला योग्य लग (धातूची टोपी) दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, नाहीतर जुना सैल जोड काढून नवा सैल जोड बसवल्यासारखे होते. हे काम ज्याच्या हाताला जमत नाही त्याने ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे, त्यात काही कमीपणा नाही.

खानापुरातील एका परिचित शिक्षकांच्या गाडीबाबत नेमके हेच झाले होते. जिथे ते गाडी सर्व्हिसिंगला देत, तिथे दर वेळी डाव्या बाजूचा नवा बल्ब बसवून बिलात लावला जाई, पण कपलर उलटा करून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. शेवटी गावातल्याच एका इलेक्ट्रिशियनने होल्डर बदलून दिला आणि त्यानंतर तो दिवा मुकाट्याने चालू राहिला.

व्होल्टेज मोजणे

साधा डिजिटल मल्टिमीटर प्रत्येक गाडीमालकाकडे असावा, असे माझे मत आहे, कारण त्याची किंमत एखाद्या बल्बापेक्षा फार जास्त नसते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर ते १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावेत. १५ च्या आसपास किंवा त्याहून वर आकडा जात असेल, तर अल्टरनेटरचे व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर बिघडत चालला आहे. फिलामेंटचे आयुष्य व्होल्टेजला कमालीचे संवेदनशील असते. व्होल्टेज नुसते ५ टक्क्यांनी वाढले तरी बल्बाचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, आणि १० टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. हा दुसरा आकडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘माझ्या गाडीचा उजेडच पडत नाही’ अशी तक्रार करून जास्त वॅटचा बल्ब शोधणाऱ्या माणसाच्या गाडीत बहुधा बॅटरीपासून बल्बापर्यंतच्या वाटेतच व्होल्टेज गळत असते.

ही गळती मोजणे सोपे आहे. इंजिन चालू ठेवून दिवा लावावा, मीटरची एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे कपलरच्या मागून, बल्बाच्या त्या पातीला टेकवावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर स्विच, रिले किंवा कपलर यांपैकी कुठेतरी जोड खराब आहे. तसेच बल्बाच्या अर्थिंगच्या पातीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजावे. तिथे आकडा शून्याजवळच हवा. इंजिन चालू असताना पंखा आणि बेल्ट यांपासून बाही, मफलर, ओढणी दूर ठेवावी.

मागचे दिवे आणि अर्थिंगचा गोंधळ

मागच्या दिव्यांचे बिघाड बाहेरून विचित्र दिसतात, पण त्यांचे कारण बहुतेक वेळा साधे असते. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद उजळतो, किंवा इंडिकेटर देताच टेललाइट लुकलुकतो, अशी लक्षणे दिसली की त्या दिव्याच्या अर्थिंगची वायर किंवा डिकीच्या आतला तिचा नट गंजलेला आहे, असे समजावे. परतीची नेहमीची वाट बंद झाल्यामुळे विजेचा प्रवाह शेजारच्या बल्बातून वाट काढतो. पुढच्या एच-४ मध्येही अर्थिंग तुटले की त्या बाजूची दोन्ही फिलामेंट एकदम मिणमिणतात आणि अप्पर-डिपर केल्याने फारसा फरक पडत नाही. नट सोडवून, पत्र्याचा रंग आणि गंज खरवडून, लग पुन्हा घट्ट आवळला की पुष्कळदा एका रुपयाचाही भाग लागत नाही.

दोन्ही बाजूंचे ब्रेकलाइट एकदम गेले असतील, तर बल्बांऐवजी ब्रेकच्या पेडलजवळचा छोटा स्विच पाहावा. इंडिकेटर नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने टकटक करू लागला, तर त्या बाजूचा एखादा २१ वॅटचा बल्ब गेला आहे किंवा कोणीतरी तिथे एलईडी बसवला आहे. ब्रेक आणि टेल या दोन्हींसाठी जो एकच बल्ब असतो, त्यात २१ वॅट आणि ५ वॅट अशी दोन फिलामेंट असतात आणि त्याच्या बाजूचे दोन खिळे मुद्दाम खाली-वर ठेवलेले असतात. होल्डर झिजलेला असेल तर तो जोर लावून उलटाही बसतो. मग टेललाइट सदैव ब्रेकसारखा लालभडक राहतो आणि ब्रेक दाबला तरी मागच्याला काहीच कळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागांत गळीत हंगाम सुरू झाला की मागे एकही दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. त्यांना नावे ठेवताना आपल्या गाडीचा ब्रेकलाइट लागतो की नाही, हे किती जणांनी पाहिलेले असते? गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केली आणि ब्रेक दाबून आरशात लाल उजेड पाहिला, की दुसऱ्या माणसाचीही गरज लागत नाही.

पाणी, चिखल आणि उंदीर

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जो पाऊस पडतो, तो दिव्यांची खरी परीक्षा घेतो. दिव्याच्या काचेवर आतून हलके धुके धरणे आणि दिवा थोडा वेळ चालल्यावर ते निघून जाणे, हे नेहमीचे आहे, कारण दिव्याला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. तळाशी पाणी साचत असेल, तर मात्र गळती आहे. तिचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे मागचे रबराचे झाकण मागच्या वेळी बल्ब बदलताना नीट न बसवणे, किंवा ते फाटलेले असणे, किंवा गॅरेजमध्येच विसरणे. झाकणाचा मधला भाग तीन पात्यांभोवती घट्ट बसला आहे का आणि त्याची कड सगळीकडून खाचेत गेली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. साचलेले पाणी काढण्यासाठी बल्ब आणि झाकण काढून दिवा उन्हात सुकवावा. सिलिकॉन लावून श्वासाची छिद्रे बुजवू नयेत, तसे केल्यास आतली वाफ आतच कोंडून राहते. गाडी धुणारे जोराच्या फवाऱ्याची नळी बॉनेट उघडून दिव्यांच्या मागे धरत असतील, तर त्यांना तिथेच थांबवावे.

हादऱ्यांचा विचार करताना दिव्याचे कान, म्हणजे तो गाडीला ज्यांनी अडकवलेला असतो ते भाग, तपासावेत. पार्किंगमध्ये कुठे तरी हलकी धडक बसून दिव्याचे प्लॅस्टिकचे कान मोडतात, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मग पावसाळ्यानंतरच्या चोर्ल्याच्या रस्त्यावर तो दिवा खिळखिळा होऊन बल्बाच्या तारेला सतत हिसके देत राहतो. हाताने दिवा हलवून पाहिला की लगेच कळते. गोठ्याशेजारी किंवा भाताच्या पोत्यांजवळ गाडी लागत असेल, तर वायर उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

कोणता बल्ब घेऊ नये

महामार्गालगतच्या दुकानांत ट्रकचे २४ व्होल्टचे बल्बही असतात आणि तेही एच-४ सारख्याच बुडाचे मिळतात. असा बल्ब १२ व्होल्टच्या गाडीत लावला तर तो जळत नाही, पण पिवळा आणि मरगळलेला उजेड देतो आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी बुडावरचा आकडा वाचावा. १००/९० वॅटचे बल्ब हा दुसरा मोह असतो. त्यात ८ अँपिअरच्या वर प्रवाह जातो आणि त्याच ०.१ ओहमच्या सैल जोडावर आता अडीचऐवजी जवळजवळ सात वॅटची उष्णता तयार होते. मूळ वायर आणि होल्डर त्यासाठी बनवलेले नसतात, आणि वितळलेले बहुतेक कपलर मी अशाच गाड्यांत पाहिले आहेत. ‘जास्त पांढरा’ उजेड देणाऱ्या बल्बांवरचा निळसर लेप प्रकाशाचा काही भाग अडवतो आणि त्यांचे आयुष्यही साध्या बल्बापेक्षा कमी असते.

एलईडीचे रूपांतर करून देणारे संच सध्या जोरात खपतात. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागेवरून आणि त्याच आकाराचा येत नसल्याने किरण भलतीकडे पसरतात, आपल्याला उजेड झगझगीत वाटतो आणि समोरच्याला काहीच दिसेनासे होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ चा रोख समोरच्याचे डोळे दिपू नयेत असाच आहे. तवंदी घाटात उतरताना समोरून असा दिवा आला की तो नियम वाचायची गरज उरत नाही.

घरी बदलताना

दिवे बंद करून चावी काढावी आणि बल्ब निवण्यास किमान दहा मिनिटे द्यावीत. हॅलोजन बल्बात वायू दाबाखाली भरलेला असतो, म्हणून चष्मा किंवा गॉगल घातलेला बरा. मागचा कपलर वायरला धरून न ओढता त्याच्या अंगाला धरून डावी-उजवीकडे हलवत सरळ मागे काढावा, मग रबरी झाकण काढावे. आत तारेची क्लिप असते. ती दाबून बाजूला सरकवली की सुटते, आणि कशी सुटली हे तेव्हाच डोक्यात ठेवावे, कारण परत अडकवताना सर्वाधिक वेळ तिथेच जातो. अंधारात हात चाचपडत हे पहिल्यांदा करू नये. दिवसा, घराच्या अंगणात एकदा हात बसला की रात्री रस्त्यातही जमते. नव्या बल्बाला फक्त धातूच्या बुडाला धरावे. काचेला बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडे होऊ द्यावे. एच-४ च्या चकतीला तीन दाते असतात आणि त्यांची मांडणी सारखी नसते, त्यामुळे तो एकाच पद्धतीने सपाट बसतो. तो डुगडुगत असेल तर क्लिप लावून दाबू नये, पुन्हा काढून बसवावा. गॅरेजमधली पोरे ऑइलने माखलेल्या हातांनी काच धरतात, हे अनेकांनी पाहिले असेल. या एका बाबतीत तरी घरचे काम निश्चितच सरस ठरते.

गॅरेजचे पैसे केव्हा सार्थकी लागतात

काही गाड्यांत बॅटरी, एअर फिल्टर किंवा वॉशरची टाकी आड येते आणि बल्बापर्यंत हात पोहोचत नाही. काहींमध्ये तर बंपर सैल करून पूर्ण दिवा बाहेर काढावा लागतो. तिथे मजुरी देणे शहाणपणाचे आहे, कारण बंपरची एखादी क्लिप मोडली तरी वाचवलेल्या पैशांहून जास्त खर्च होतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याचे किंवा होल्डर बदलण्याचे काम अधिकृत केंद्राबाहेर करू नये. रेग्युलेटरचा दोष, मूळ वायरिंगमधला तुटका तुकडा, दिव्याच्या काचेचा सुटलेला जोड, ही कामेही जाणत्याकडेच द्यावीत. बाकी साध्या एच-४ साठी, तसेच टेललाइट, इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा यांसाठी गाडी घेऊन बेळगावपर्यंत जाणे मला पटत नाही. बल्ब दोनेकशे रुपयांच्या आसपास, मागचे बल्ब त्याहून कितीतरी स्वस्त, आणि जाण्यायेण्याचे पेट्रोल व अर्धा दिवस मात्र फुकट जातो. एक एच-४, एक २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, पार्किंगचा एक छोटा ५ वॅटचा बल्ब आणि दोन-चार फ्यूज कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले की चोर्ला किंवा आंबोली घाटात कोणाची वाट पाहावी लागत नाही.

वारंवार होणाऱ्या बिघाडासाठी मी मोठ्या केंद्रापेक्षा एखाद्या हुशार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाण्याचा सल्ला देईन. मोठ्या केंद्रात बिल भागांचे आणि तासांचे होते, त्यामुळे भाग बदलण्याकडे कल असतो. इलेक्ट्रिशियन टेस्टर घेऊन वायरच्या मागे लागतो. त्याच्याकडे जाताना जुने बल्ब बरोबर न्यावेत, कोणत्या बाजूचा, अप्पर की डिपर, पावसात की कोरड्यात, दणका बसल्यावर की उभ्या गाडीत, हे सांगावे आणि मोजलेले व्होल्टेज कागदावर लिहून द्यावे. ‘दिवा लागत नाही, बघा’ एवढेच सांगितले तर तोही नवा बल्ब लावून मोकळा होतो, आणि त्यात त्याची फारशी चूक नसते.

बल्ब कोणीही बदलला तरी एक तपासणी स्वतःच करावी. गाडी सपाट जागी भिंतीसमोर दहा मीटरवर उभी करावी, दिव्यांची उंची कमी-जास्त करणारे चाक शून्यावर ठेवावे आणि डिपर लावावा. उजेडाची वरची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडावी आणि डाव्या बाजूला किंचित वर चढावी, कारण आपण डावीकडून गाडी चालवतो. एका बाजूची कडा आभाळाकडे निघाली असेल, तर सेटिंगचे स्क्रू फिरवण्याआधी झाकण उघडून बल्ब नीट बसला आहे का ते पाहावे, आणि हे गॅरेजच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच करावे.